हिंगणघाट ते तुमसर: समुद्रावर कामाला जाणाऱ्या पोरांसोबत सहा दिवस

पहिला दिवस: नागपूर, जाम, हिंगणघाट

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. बुटीबोरी मागे पडली की महामार्गाच्या दोन्ही अंगांना कपाशी पांढरी झालेली दिसते, वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधून ओळीने सरकत असतात आणि जामच्या पुढे कापसाच्या गाड्या मधूनमधून लागू लागतात. या भागातल्या आयटीआयमधून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊन निघालेली सोळा पोरं ठेकेदारामार्फत अरबी समुद्रातल्या मुंबई हायच्या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर जाणार आहेत. समुद्रात तग धरण्याचं आणि हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर निघण्याचं प्रशिक्षण त्यांना मुंबईकडे मिळेल. त्याआधी धोका मोजायचा कसा एवढंच शिकवायला हा दौरा आखला. प्लॅटफॉर्म त्यांच्यापैकी कुणी पाहिलेला नाही. म्हणून समुद्रावर वापरतात तीच पद्धत रोज गावाकडच्या एका खऱ्या कामाला लावायची, असं ठरलं.

वर्गात आधी पाच गुणिले पाचचा तक्ता. एका बाजूला घटना घडण्याची शक्यता १ ते ५, दुसऱ्या बाजूला परिणामाची तीव्रता १ ते ५. गुणाकार पंधरा किंवा जास्त आला तर लाल, पाच ते बारा पिवळा, त्याखाली हिरवा. कंपनीगणिक या सीमा थोड्या बदलतात. सरावाला काम दिलं: समुद्रापासून २० मीटर उंच डेकच्या खाली परांचीवर उभं राहून पाइप रंगवणे.

सोळांपैकी तेरा जणांनी नियंत्रणाच्या रकान्यात ‘हेल्मेट, बूट, हार्नेस, काळजी घेणे’ असं लिहिलं आणि गुण २० वरून थेट ४ वर आणले. बड्या कंपन्यांच्या फायलींतही हीच चूक सापडते. हार्नेसने, म्हणजे अंगाला बांधून दोरीने अडकवायच्या पट्ट्याने, पडण्याचा परिणाम बदलत नाही, २० मीटरवरून पडलेला माणूस मरू शकतोच. हार्नेसमुळे तो खालपर्यंत जाण्याची शक्यता कमी होते, तीही हुक अडकवलेला असेल आणि ज्याला अडकवला तो पाइप झटका सोसणारा असेल तरच. म्हणून तीव्रतेचा आकडा ५ च राहतो. शक्यता कमी झाली असेल तर कशामुळे, ते दाखवावं लागतं. ‘काळजी घेणे’ हे तर नियंत्रणच नव्हे, कारण ते आज सकाळी चालू होतं की बंद, हे तपासायची सोय नाही.

फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहिले आणि ते सहाही दिवस सोबत राहिले: हे नियंत्रण कोणाच्या ताब्यात आहे? शेवटचं कधी तपासलं? बिघडलं तर ते आपल्याला कसं कळेल? धोका आणि माणूस यांच्या मध्ये जे उभं असतं त्याला या क्षेत्रात बॅरिअर म्हणतात. ज्या बॅरिअरला या तीन प्रश्नांची उत्तरं नाहीत ते धरून चालायचं नाही.

दुपारनंतर मुंबई हाय नॉर्थची घटना उलगडली. २७ जुलै २००५. मदत-जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली. पावसाळ्यामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं. त्याला प्लॅटफॉर्मवरच्या दवाखान्यात चढवायला जहाज प्लॅटफॉर्मला अगदी लागून आणलं. क्रेनच्या टोपलीतून जखमी वर गेला आणि त्यानंतर लाटेच्या हेलकाव्यात जहाजाचा हेलिडेक, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायचा मंच, गॅसच्या रायझरवर आदळला. रायझर म्हणजे समुद्रतळाच्या पाइपलाइनमधून वर प्लॅटफॉर्मवर येणारा उभा पाइप. त्यात फट पडली की मागे किलोमीटरच्या किलोमीटर पाइपलाइनमध्ये दाबाखाली भरलेला वायू तिथूनच बाहेर येत राहतो. सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. परिसरात ३८४ जण होते, ३६२ वाचले, २२ गेले.

पोरांना दोन रकाने पाडायला सांगितलं. एकात बोटाची जखम: वारंवार होणारी, पण लहान. दुसऱ्यात जहाज रायझरवर आदळणे: क्वचित, पण सगळ्यांना घेऊन जाणारं. पहिल्याची नोंद रोज ठेवली जाते. ‘अपघाताविना इतके दिवस’ हा फाटकावरचा फलक फक्त पहिल्या रकान्याबद्दल बोलतो, दुसऱ्याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. त्या दिवशी पहिला धोका कमी करायला उचललेल्या पावलानेच दुसरा ओढवला. जहाज कोणत्या बाजूने, किती वाऱ्यात, किती उंच लाटेत जवळ आणायचं आणि कधी सरळ नाही म्हणायचं, याच्या मर्यादा आधी लिहिलेल्या आणि पाळलेल्या हव्यात. रायझरला बाहेरून जहाजाचा धक्का लागू शकेल अशा ठिकाणी संरक्षक चौकट हवी. हे दोन्ही बॅरिअर जखमी माणूस समोर कळवळत असतानाही टिकले पाहिजेत, आणि कठीण तेच असतं.

दुसरा दिवस: हिंगणघाट ते वडनेर, जिनिंग

वडनेरच्या अलीकडे एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये सकाळी आठला पोचलो. आवारात कापसाच्या गंज्या, मधल्या मोकळ्या पट्ट्यात ट्रॅक्टर. कापूस शोषनळीने आत जातो, क्लीनरमधून निघतो, डबल रोलर जिनवर रुई आणि सरकी वेगळी होते, रुई पाला हॉलमध्ये साठते, पुढे प्रेसमध्ये १७० किलोची गाठ बांधली जाते. सरकी जमिनीलगतच्या स्क्रू कन्व्हेअरने बाहेर पडते. प्रत्येक टप्प्याला पोरांनी स्वतंत्र ओळ दिली.

सगळ्यात जास्त वेळ स्क्रू कन्व्हेअरपाशी गेला. नाल्यात फिरणारा मळसूत्री दांडा, वर पत्र्याची झाकणं. सरकी तुंबते तेव्हा झाकण काढून काठीने मोकळी करतात आणि मग, पुन्हा तुंबणारच म्हणून, झाकण बाजूलाच राहतं. आम्ही पाहिलं तेव्हा अकरापैकी तीन झाकणं जागेवर नव्हती. वरून रुईचा थर साचला की उघडा नाला जमिनीसारखाच दिसतो. तिथल्या जुन्या फिटरने स्वतःहून सांगितलं, “झाकण कायले लावाचं, दर अर्ध्या घंट्यानं तं काढा लागते जी.” बोलला ते खरंच होतं. झाकण काढण्यामागे कारण आहे ते तुंबणं, म्हणून इलाजही तिथूनच सुरू व्हायला हवा: सरकी कोणत्या वळणावर साठते, उतार पुरेसा आहे का, स्क्रूचा वेग आणि वर चालणाऱ्या जिनची संख्या जुळते का. तुंबणं दिवसातून दोनदावर आलं की झाकण जागेवर राहतं. मग झाकणाला हाताने न निघणारा बोल्ट द्यायचा, पाना लागलाच पाहिजे. प्लॅटफॉर्मवर पंपाच्या कपलिंगवरचं गार्ड गायब असेल तर तिथेही आधी हेच विचारायचं: ते वारंवार का काढावं लागत होतं?

पट्टे आणि शाफ्टच्या बाजूला साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला गमछा हे ओढले जाणारे कपडे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार धोकादायक फिरते भाग कुंपणबंद ठेवावे लागत, आणि कलम २७ नुसार कापूस दाबण्याच्या कारखान्यात ओपनर, म्हणजे कापूस मोकळा करणारं यंत्र, चालू असलेल्या भागात बाया आणि मुलांना कामावर ठेवता येत नसे. दोन्ही कलमं पोरांना पाठ करून घ्यायला लावली.

नंतर बंद करण्याची पाळी. जिन क्रमांक चार दुरुस्तीला घ्यायची होती. ऑपरेटरने लाल बटण दाबलं आणि माणूस आत हात घालायला वाकला. त्याला थांबवलं. तीन गोष्टी राहिल्या होत्या. पहिली, बटणाने फक्त नियंत्रणाचं सर्किट तुटतं, स्टार्टरपर्यंतचा पुरवठा जिवंतच राहतो. मुख्य स्विच खाली करून त्यावर कुलूप हवं आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात हवी. तिघे काम करत असतील तर तिघांची तीन कुलपं, एकाच कडीत. दुसरी, वीज गेल्यावरही जड रोटर लगेच थांबत नाही, घड्याळ लावून तो पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि यंत्रावर लिहून ठेवायचा. तिसरी, कुलूप लावल्यावर सुरू करायचं बटण एकदा दाबून पाहायचं. यंत्र हललं नाही तरच ते बंद. चुकीच्या यंत्राला कुलूप लावल्याची उदाहरणं कमी नाहीत आणि ती या शेवटच्या पायरीलाच सापडतात.

प्रेसला वीज बंद करून भागत नाही. हायड्रॉलिक तेलात दाब अडकलेला असतो, वर उचललेल्या भागाचं वजन असतं आणि ताणलेल्या पट्टीत ओढ असते. गाठ बांधताना पट्टी तुटली तर ती चाबकासारखी उलटते, म्हणून तिच्या रेषेत उभं राहायचं नाही. समुद्रावर हेच चित्र मोठं होतं. पाइप उघडायचा असेल तर दोन व्हॉल्व्ह बंद, मधला ब्लीड (अडकलेला दाब सोडणारं तोंड) उघडा, दाबमापक शून्यावर, आणि काम लांबणार असेल तर फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या जोडात, ब्लाइंड (तोंड बंद करणारी भरीव चकती). एकाच व्हॉल्व्हच्या भरवशावर गॅसचा पाइप उघडायचा नाही, कारण व्हॉल्व्हची सीट झिजलेली असू शकते आणि बाहेरून ते दिसत नाही.

आगीबद्दल तिथली माणसं आम्हाला शिकवू शकली. कापसात आलेला खिळा किंवा खडा धातूवर घासून ठिणगी पडते, बेअरिंग तापतं, पॅनेलवर रुईचा थर बसतो, ट्रॅक्टरच्या धुराड्यातून ठिणगी उडते. आग धुमसत गाठीच्या पोटात शिरली तर वरून पाणी मारून भागत नाही, दाबलेल्या रुईत पाणी शिरत नाही. अशी शंका असलेली गाठ वेगळी काढून उघड्यावर लांब ठेवतात आणि काही दिवस तिच्यावर नजर ठेवतात. प्लॅटफॉर्मवर वायू असण्याच्या शक्यतेनुसार झोन ०, १, २ पाडतात आणि त्या त्या झोनमध्ये कोणतं विजेचं उपकरण चालेल ते ठरतं. इंधन आणि ठिणगी यांना भेटू द्यायचं नाही, ही कल्पना जिनिंगच्या माणसांना समजावावी लागली नाही. मोबाइल मात्र दोन्हीकडे खिशातच असतो.

मुक्काम वडनेरलाच. रात्री झुणका-भाकर, सोबत ताजी तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी.

तिसरा दिवस: वडकी, करंजी, पांढरकवडा

वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. काळी माती, तूर फुलावर, कपाशी माणसाच्या खांद्यापर्यंत. पांढरकवड्याच्या पुढे एका शेतातल्या विहिरीवर थांबलो. खोली साधारण १२ मीटर, तळाशी दोन मीटर पाणी. पाणबुडी मोटर अडकली होती आणि घरचा माणूस दोराने उतरायच्या तयारीत होता. चौकोनी जुनी विहीर, आत पिंपळाची रोपं, वर अर्धी फळ्यांनी झाकलेली.

बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वीची हवेची तपासणी इथेच दाखवली. चार वायूंचा मापक, सोबत नळी. नळी तळापर्यंत सोडताना वरून सुरुवात करून साधारण दर सव्वा मीटरला थांबायचं आणि नळीच्या लांबीप्रमाणे हवा मापकापर्यंत पोचायला वेळ द्यायचा. घाई केली तर तळाचा म्हणून मधल्याच थराचा आकडा वाचला जातो. क्रम ठरलेला: आधी ऑक्सिजन, मग पेट घेणारा वायू, मग विषारी. या क्रमाला कारण आहे. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा सेन्सर आत वायू जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर तो खोटा, कमी आकडा दाखवतो. ऑक्सिजन २०.९ टक्के असायला हवा, १९.५ च्या खाली उतरायचं नाही, २३.५ च्या वरही नाही. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो, पण मापकाचा इशारा त्या खालच्या मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यालाच ठेवतात. हायड्रोजन सल्फाइडचा इशारा १० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा भागांना. १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, म्हणजे वास थांबला तर वायू गेला असं समजणारा फसतो. त्याहून कितीतरी जास्त असेल तर मिनिटांत शुद्ध हरपते.

विहिरीच्या तळाशी ऑक्सिजन १८.१ निघाला. कोणालाच उतरू दिलं नाही. शेतकऱ्याने विचारलं, “कंदील सोडून पाह्यला तं चालते नं जी?” कंदील विझला तर ऑक्सिजन कमी आहे एवढं कळतं, पण माणूस बेशुद्ध पडेल इतका विषारी वायू असतानाही कंदील शांतपणे जळत राहू शकतो, आणि मिथेन असेल तर कंदीलच ठिणगी ठरतो. पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवून चालवणं त्याहून वाईट: कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही, रंग नाही. ब्लोअर लावून नळीचं तोंड तळाशी सोडलं, ब्लोअरचा जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवला, नाहीतर तोच धूर आत गेला असता. चाळीस मिनिटांनी तळाचा आकडा २०.८ आला. ब्लोअर चालूच ठेवून, तिपाई, हार्नेस आणि वर दोर धरणारा माणूस असताना मग मोटर काढली. वरच्या माणसाने जागा सोडायची नाही, आतला पडला तरी खाली उतरायचं नाही, तिपाईने ओढायचं. अशा अपघातांत पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसरा आणि त्याच्यामागून तिसरा, असे जीव जातात, आणि ते अनेकदा एकाच घरातले असतात.

प्लॅटफॉर्मवरच्या सेपरेटरमध्ये (तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यात), टाकीत, पोकळ पायाच्या आत शिरताना हीच तपासणी. लोखंडाच्या बंद पोकळीत गंज चढताना ऑक्सिजन खाल्ला जातो, त्यामुळे कधी तेल न शिरलेली, नुसती बंद ठेवलेली टाकीही माणूस मारते. मापक रोज कामाआधी ओळखीच्या वायूवर तपासायचा. चालू होतो, शून्य दाखवतो, एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. बिघडलेला सेन्सरही शून्यच दाखवतो.

संध्याकाळी करंजीकडच्या एका शेतात तुरीवर फवारणी चालू होती. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. उंच वाढलेली कपाशी, तोंडावर येणारा फवारा, जास्त दाबाचे पंप, औषधांची मिसळ, असं सगळं एकत्र आलं होतं. नियंत्रणाच्या उतरंडीसाठी याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. आधी धोकाच काढता येतो का: फवारणी खरंच लागते का, कामगंध सापळ्यात किती पतंग आहेत ते मोजा. मग बदली: कमी विषारी औषध. मग यंत्राची रचना: नोझल, दाब, लांब दांडी, ढवळायला हात नको. मग कामाची पद्धत: वारा येतो तिकडे पाठ, सकाळची वेळ, दिवसात मोजके तास. सगळ्यात शेवटी मास्क, हातमोजे, सूट. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात प्लॅस्टिकचा सूट घालून कुणी तासभरही टिकत नाही. जे अंगावर राहूच शकत नाही त्यावर भिस्त ठेवून आकडा खाली आणणं ही कागदावरची फसवणूक आहे, आणि ती आम्हाला राग आणते.

चौथा दिवस: वणी

वणीचा परिसर कोळशाचा. रस्ते काळे, डंपरांची वर्दळ. खाणीत आत जायचं नव्हतं, पाळी बदलण्याची वेळ बाहेरून पाहायची होती. चार वाजता एक पाळी सुटते, दुसरी चढते, आणि मधल्या दहा मिनिटांत काय सांगितलं जातं आणि काय राहून जातं हाच त्या दिवसाचा धडा.

सकाळचे तीन तास पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवरच्या दुर्घटनेवर गेले. उत्तर समुद्र, ६ जुलै १९८८. कंडेन्सेटचे, म्हणजे वायूतून निघणाऱ्या हलक्या द्रव इंधनाचे, दोन पंप, ए आणि बी. दिवसपाळीत पंप ए वरचा सुरक्षा झडप तपासणीसाठी काढला आणि त्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज बसवला. संध्याकाळी सहापर्यंत काम पुरं झालं नाही. झडपेच्या कामाचा परवाना, म्हणजे काम करण्याची लेखी परवानगी, वेगळा, पंपाच्या देखभालीचा वेगळा. पंपाचा परवाना नियंत्रण कक्षात होता, झडपेचा तिथे नव्हता, आणि पाळी बदलताना झडप काढलेली आहे हे तोंडी सांगितलं गेलं नाही. रात्री पावणेदहाच्या सुमाराला पंप बी बंद पडला. रातपाळीने उपलब्ध कागद पाहिले, पंप ए चालवायला हरकत दिसली नाही, तो सुरू केला. ब्लाइंड फ्लँज गळला. दहाच्या सुमारास स्फोट. अग्निशमनाचे पंप आपोआप सुरू होणार नाहीत अशा स्थितीत ठेवलेले होते, कारण पाणी खेचणाऱ्या तोंडाजवळ पाणबुडे काम करतात. शेजारचे प्लॅटफॉर्म तेल-वायू पाठवत राहिले. १६७ माणसं गेली, ६१ वाचली. निवासात सूचनेची वाट पाहत थांबलेल्यांतले बहुतेक धुराने गेले. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १०६ शिफारसी केल्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या चालकाने आपले मोठे धोके आणि त्यांवरचे बॅरिअर स्वतः सिद्ध करून दाखवायचे, असा कायदा आला.

परवान्याचा कागद मग पोरांनीच भरला. कामाची जागा यंत्राच्या क्रमांकासह, ‘पंप हाउस’ एवढं चालत नाही. वेळेची मुदत: पाळी संपली की परवाना संपतो किंवा नव्या माणसाच्या सहीने पुढे चालतो. वेगळी केलेली प्रत्येक झडप आणि स्विच, कुलपाच्या क्रमांकासह. त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या परवान्याचा संदर्भ. हा रकाना पायपर अल्फानंतर रिकामा सोडायची कुणाची छाती होऊ नये. देणारा आणि घेणारा, दोघांनी जागेवर उभं राहून सही. आपल्याकडे तेल उद्योगात यासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं १०५ क्रमांकाचं मानक आहे. समुद्रावरच्या कामांना २००८ चे सुरक्षा नियम लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी पाहणारा सक्षम अधिकारी हेच संचालनालय आहे.

दुपारी पोरांना दोन गटांत वागायला लावलं. पहिल्या गटाने एक पंप अर्धवट खोलून ठेवला, दुसऱ्याला ताबा द्यायचा. पहिल्या फेरीत सात गोष्टींपैकी तीन राहिल्या. दुसऱ्या फेरीत ताबा घेणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं, ही एकच अट घातली. एकच राहिली.

संध्याकाळी फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना एका पोराने विचारलं, धोका पूर्ण शून्य करता येत नाही, मग किती चालतो? ब्रिटनमधल्या नियामकाची मोजपट्टी सांगितली. कामगाराच्या मृत्यूचा धोका वर्षाला हजारात एक याहून जास्त असेल तर ते काम तसं चालू देत नाहीत. दहा लाखांत एक इतका खाली असेल तर तो सर्वसाधारणपणे मान्य. मधल्या पट्ट्यात मालकाने तो व्यवहार्य असेल तिथवर खाली आणत राहायचं, आणि थांबलो तर का थांबलो हे दाखवायची जबाबदारी मालकाचीच. हेलिकॉप्टरचा प्रवासही याच हिशेबात धरावा लागतो. मुंबईच्या समुद्रात जानेवारी २०१८ मध्ये सातही जण आणि २८ जून २०२२ ला नऊपैकी चार जण हेलिकॉप्टर पडून गेले. कामाच्या जागी पोचायच्या आधीचा हा धोका ठेकेदाराच्या कागदात क्वचितच दिसतो.

पाचवा दिवस: वरोरा, चिमूर, भिवापूर, पवनी

लांबचा पल्ला. वरोऱ्यानंतर धानाची शेतं लागतात, कापणी झालेली, बांध्यांत पुंजणे. भिवापूरच्या मिरचीचा वास गाडीच्या बंद काचांतून येतो. सातऱ्यांवर मिरच्या खुडणाऱ्या बायांच्या नाकाला रुमाल, हात उघडे. थांबायला वेळ नव्हता.

पवनीजवळ वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचा जलाशय. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या दोन होड्या ठरवल्या होत्या. पट्टीचे पोहणारे; जॅकेट घालायला सांगितलं तर हसले, पण घातलं. मोठ्या जहाजांवरच्या लाइफ जॅकेटची उचल साधारण १५० न्यूटन असते आणि बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवतं. स्वस्त फोमच्या जॅकेटला ते जमत नाही. पोहता येणं आणि जॅकेट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: उडी मारताना डोक्याला मार लागलेल्याला पोहता येत नाही. पट्टे आवळून, एका हाताने नाक-तोंड झाकून, दुसऱ्याने जॅकेट खाली दाबून, समोर क्षितिजाकडे पाहत, पाय जुळवून पाऊल टाकायचं. सूर मारायचा नाही. जॅकेट सैल असेल तर पाण्यावर आदळताना ते वर सरकून हनुवटीला बसतं. अर्ध्या पोरांचं तेच झालं, आणि तेही फक्त दीड मीटरच्या काठावरून.

फुगणाऱ्या जीवरक्षक तराफ्याचा डबा आम्ही सोबत नेला होता, जुना, मुदत संपलेला, शिकवण्यापुरता. जहाज बुडताना दीड ते चार मीटर खोलीवर पाण्याच्या दाबाने एक कळ सुटते आणि डबा वर येतो. ती कळ आणि आतला तराफा यांची ठरल्या मुदतीत सर्व्हिसिंग लागते. डब्यावर तारखेची चिठ्ठी असते. जहाजावर पाऊल ठेवल्यावर ती चिठ्ठी वाचायला दोन मिनिटं लागतात.

मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही निवासी बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याची तरंगती नौका, मुंबई हायजवळ होती. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. बार्ज त्या भागातच राहिली, नांगर सुटले, ती वाहत गेली आणि १७ मे ला बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती, सत्तरच्या घरात मृत्यू झाले. नौदलाने आणि तटरक्षक दलाने खवळलेल्या समुद्रातून बाकीच्यांना काढलं. पोरांकडून या घटनेचे बॅरिअर क्रमाने लिहून घेतले: इशारा, हलण्याचा निर्णय, नांगर, ओढणारी बोट, तराफा, जॅकेट. इशारा आपलं काम करून गेला होता. हलण्याचा निर्णय माणसाच्या हातात असतो, त्याच्यावर कामाच्या मुदतीचा ताण असतो, म्हणून तो ऐन वेळेच्या मनावर सोडायचा नाही. वाऱ्याचा इतका अंदाज आला की इतके तास आधी बंदर गाठायचं, हा आकडा हंगाम सुरू होण्याआधीच करारात बसलेला हवा. कामगाराला तो आकडा विचारण्याचा हक्क आहे. तो पहिल्याच दिवशी विचारा, असं आम्ही त्यांना बजावलं.

सहावा दिवस: भंडारा, तुमसर

तुमसरकडे मँगनीजच्या खाणी आणि राईस मिल. एका मिलमध्ये धान वर चढवणाऱ्या बकेट एलिव्हेटरच्या वरच्या टोकाला, १४ मीटरवर, पट्टा सरकला होता.

हार्नेसचा हिशेब तिथेच पायथ्याशी उभं राहून केला. दोरी १.८ मीटर, झटका शोषणारी पिशवी उलगडली की आणखी जवळपास १.१, हार्नेसच्या कडीपासून पायापर्यंत माणूस दीड मीटर, वर एक मीटर राखीव. सुमारे साडेपाच मीटर मोकळी जागा खाली हवी. मधला प्लॅटफॉर्म चार मीटर खाली होता, म्हणजे हार्नेस घातलेला माणूस त्यावर आदळणार. हुक पायाशी अडकवला तर हिशेब आणखी बिघडतो. तोच हुक डोक्याच्या वर अडकवला किंवा आखडती दोरी वापरली की भागतं. पाना मनगटाला बांधलेला नव्हता. अर्ध्या किलोचा पाना आठ मीटरवरून पडला तर जवळपास ४० ज्यूल, आणि गंभीर इजेची सुरुवात साधारण तिथूनच धरतात. खाली दोरी बांधून जागा अडवली आणि मगच काम सुरू झालं.

परतीच्या वाटेवर, भंडाऱ्याच्या अलीकडे, वडनेरच्या जिनिंगवरून फोन आला. तीन झाकणं बसवली होती, पट्ट्याला जाळीचं गार्ड गावातल्याच वेल्डरकडे टाकलं होतं आणि आता जाळीचं माप विचारत होते. पोरांपैकीच एकाने वहीत बघून सांगितलं: चौकोनी भोक २० मिलिमीटरपर्यंत असेल तर जाळी फिरत्या भागापासून निदान १२० मिलिमीटर लांब ठेवा, आणि बेअरिंगला ग्रीस देण्यासाठी नळी बाहेर काढून घ्या, नाहीतर ग्रीस द्यायला गार्ड परत काढावं लागेल.